ड्रग कोर्टातून सुटल्यावरचा मंगळवार: माजी सहभागींचा आधारगट कसा उभा करावा

पहिल्या बैठकीला मी दारापाशी टेबल मांडून त्यावर हजेरीची वही ठेवली होती. नाव, फोन, सही असे तीन रकाने आखलेले. गणपतीच्या वर्गणीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत जन्मभर हेच केलेलं, त्यात काही वावगं असेल असं डोक्यातही आलं नाही. दुसराच माणूस आला, त्यानं वही वाचली, पेन उचललं, परत ठेवलं आणि पार्किंगकडे चालू लागला. त्याच्या मागून आलेल्या बाईंनी मला समजावलं, की गेलं दीड वर्ष तो जिथं जिथं सही करत होता, ती प्रत्येक सही कोर्टात पोचत होती.

वही तेव्हाच पिशवीत गेली. पुढच्या आठवड्यापासून दारात काचेची बरणी आणि शेजारी पोकरच्या प्लास्टिकच्या चकत्या. येणाऱ्यानं एक चकती बरणीत टाकायची, बास. बैठक संपल्यावर चकत्या मोजल्या की किती जण आले ते कळतं, आणि अनुदान देणाऱ्यांना तेवढा आकडा पुरतो.

मी स्वतः ड्रग कोर्टातून गेलेलो नाही. अमेरिकेत हिशेबनिसाचं काम करतो. आमच्या काउंटीत (इथला जिल्हाच म्हणा) असा गट सुरू होत होता तेव्हा ‘पैशाचं तेवढं बघाल का’ म्हणून मला बोलावलं आणि मी राहिलो. पुढं लिहिलंय ते त्या खुर्चीतून दिसलेलं. इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना गावातल्या एखाद्या कामात हात घालायचा असतो, त्यांना ते उपयोगी पडावं. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती केंद्रांचे फॉलोअप गट चालवणाऱ्यांनाही यातलं काही ओळखीचं वाटेल.

आधी कोर्टाविषयी थोडं

क्रॅक कोकेनच्या लाटेत इथले तुरुंग भरून गेले, तीच माणसं सुटून पुन्हा आत येऊ लागली, तेव्हा १९८९ साली फ्लॉरिडातल्या मायामीत पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. आता देशभरात अशी उपचार देणारी न्यायालयं चार हजारांच्या आसपास आहेत. व्यसनापायी गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला तुरुंगाऐवजी उपचार, पण थेट जज्जच्या देखरेखीखाली, अशी ही रचना. कार्यक्रम साधारण एक ते दोन वर्षांचा, टप्प्याटप्प्यानं सैल होत जाणारा. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी जज्जसमोर उभं राहायचं, आठवड्यातून निदान दोनदा न सांगता लघवीची तपासणी, समुपदेशन, प्रोबेशन ऑफिसरच्या (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या माणसावर नजर ठेवणारा सरकारी अधिकारी) भेटी, रात्री ठरल्या वेळेला घरात. नीट चाललं तर भर कोर्टात टाळ्या. चुकलं तर समाजसेवेचे जादा तास, कधी एखाद-दोन रात्री कोठडीत. पार पडलात तर कुठं खटलाच रद्द होतो, कुठं शिक्षा टळते.

भारतात अशी वेगळी कोर्टं नाहीत. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अगदी अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता उपचारासाठी सोडता येतं, आणि ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. पण दर आठवड्याला जज्जनं नावानं हाक मारून ‘झोप लागते का नीट?’ असं विचारणं, हे तिथं नाही. आपल्याला ज्या गटाविषयी बोलायचंय त्याचं मूळ याच हाकेत आहे.

कारण ग्रॅज्युएशनच्या, म्हणजे कार्यक्रम पुरा झाल्याच्या, दिवशी जज्ज मंचावरून खाली उतरून हात मिळवतो, प्रमाणपत्र देतो, केक कापला जातो, आणि दुसऱ्या दिवशी ती हाक बंद होते. तपासणी बंद, भेटी बंद, बंधन म्हणून जे जे टोचत होतं ते सगळं एकदम बंद. आमच्याकडे रोज सकाळी एका नंबरावर फोन करून ‘आजचा रंग’ ऐकायचा असतो. आपला रंग लागला की त्या दिवशी तपासणी. आमच्यातला एक जण ग्रॅज्युएट झाल्यावरही तीन आठवडे रोज पहाटे तो नंबर फिरवत होता. त्याला विचारलं का, तर म्हणाला, ‘दुसरं कुणी माझी वाट बघत नव्हतं.’

गटानं नेमकी ही जागा भरायची असते. जज्जची नव्हे, डॉक्टरची नव्हे. मंगळवारी आपण आलो नाही हे ज्याच्या लक्षात येईल अशा माणसाची.

पहिली पायरी: चार-पाच जण, आणि तेही ग्रॅज्युएटच

सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक आणि माझ्यासारखे हौशी लोक एकत्र बसून आराखडा करतात आणि मग ‘लाभार्थी’ शोधायला निघतात. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार फार दिवस टिकत नाही. सुरुवात कोर्टातून बाहेर पडलेल्या चार-पाच जणांपासून करा. कार्यक्रम संपून निदान सहा महिने झालेले असावेत. सगळे एकाच वयाचे, एकाच नशेचे नकोत. दारूवाला, मेथवाला (मेथॅम्फेटामीनचं व्यसन असलेला), हेरॉइनमधून आलेला, एखादी आई, एखादा पन्नाशीचा. आणि दोन तरी बायका हव्यातच; मंडळात फक्त पुरुष असले की बाया पहिल्या दिवशी येऊन जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

त्यांना तीनच प्रश्न विचारा. सुटल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यात अवघड काय गेलं? तेव्हा कुणी काय केलं असतं तर बरं झालं असतं? आणि कसल्या बैठकीला तुम्ही मुळीच जाणार नाही? आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाला एकमुखानं उत्तर आलं: कोर्टाच्या इमारतीत. आम्ही मात्र तोवर कोर्टाचाच हॉल ठरवून बसलो होतो, फुकट मिळत होता म्हणून.

दुसरी पायरी: कोर्टाशी लेखी समझोता

इथं घाई केली की पुढं सगळं महागात पडतं. म्हणून या पायरीवर वेळ घालवा, दोन-तीन महिने लागले तरी चालेल.

पहिली गोष्ट, यादी. गटाला वाटतं कोर्टानं ग्रॅज्युएट झालेल्यांची नावं आणि फोन द्यावेत. कोर्टाला ते तसं देता येत नाही. व्यसनोपचाराच्या नोंदींना अमेरिकेत ‘४२ सीएफआर भाग २’ नावाचा कडक गोपनीयतेचा नियम आहे, नेहमीच्या वैद्यकीय गोपनीयतेपेक्षाही कडक. त्यामुळं उलटा रस्ता धरायचा: कार्यक्रमाच्या शेवटच्या टप्प्यात कोर्टाचा कोऑर्डिनेटर प्रत्येकाला विचारतो, ‘गटानं तुम्हाला फोन केलेला चालेल का?’ ज्याला चालेल तो स्वतः संमतीपत्रावर सही करतो, आणि ती संमती कधीही मागं घेता येते. गट स्वतः उपचारकेंद्र नसेल तर हा नियम त्याला बहुधा थेट लागू होत नाही. तुमच्या राज्यातल्या वकिलाला विचारून घ्या. पण वागताना लागू आहे असंच समजून वागा.

दुसरी, एकमेकांना भेटण्याची बंदी. ग्रॅज्युएट झाल्यावरही काही जणांचं प्रोबेशन चालू असतं, आणि प्रोबेशनच्या अटींत पुष्कळदा ‘गुन्हा सिद्ध झालेल्या व्यक्तींच्या संगतीत राहू नये’ असं कलम असतं. आता या गटात दुसरं कोण असणार? तेव्हा प्रोबेशन खात्याकडून लेखी घ्या, की या बैठकीला येणं म्हणजे अटीचा भंग धरला जाणार नाही. तोंडी आश्वासनावर राहू नका. अधिकारी बदलतात.

तिसरी, आणि खरी: माहिती एकाच दिशेनं वाहील. कोर्टाकडून गटाकडे निरोप येऊ शकतात, पण गटाकडून कोर्टाकडे काहीही जाणार नाही. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाच्या तोंडाला वास येत होता, काहीही नाही. जज्ज कितीही प्रेमळ असो, बैठकीला येणार नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात इथं ड्रग कोर्टांचा महिना साजरा होतो तेव्हा सहलीला आला तर ठीक. आमच्या कोऑर्डिनेटरबाई फार चांगल्या, पण एकदा त्यांनी सहज विचारलं, ‘तो येतो ना नियमित?’ आम्ही सगळे गप्प. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि विषय बदलला.

याच्या जोडीला एक कडू सत्य सांगावं लागतं. वकिलाशी किंवा डॉक्टरशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते अशा गटातल्या बोलण्याला नसतं. उद्या कुणाला साक्षीला बोलावलं तर ‘गटात ऐकलं’ ही सबब चालेलच असं नाही. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक वाक्य मोठ्यानं वाचायचं: चालू खटल्याचे आणि न उघडकीला आलेल्या गुन्ह्यांचे तपशील इथं सांगू नका, ते वकिलाला सांगा, मनाला काय होतंय ते इथं सांगा. आणि मूल धोक्यात असेल किंवा कुणी कुणाच्या जिवावर उठलं असेल तर गट गप्प बसणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकायचं.

जागा, वेळ, खाणं

बसच्या मार्गावरची जागा बघा. निम्म्या लोकांचा गाडीचा परवाना गेलेला असतो आणि इथं गाडीशिवाय माणूस म्हणजे पाय मोडलेला. चर्चचं तळघर, वाचनालयाची खोली, युनियनचा हॉल, काहीही चालेल, शेजारी बार नको. वेळ कामावरून सुटल्यावर, साडेसहाच्या सुमारास. मुलांना बसवायला शेजारची खोली आणि तिथं बघायला कुणीतरी, ज्याची पार्श्वभूमी-तपासणी झालेली आहे. नुसतं डोनट ठेवू नका, पोटभर काहीतरी ठेवा. संध्याकाळी भूक, एकटेपणा आणि थकवा एकत्र आले की तलफ येते, हे यातला कुणीही सांगेल. आमच्याकडे एकदा मी घरून मोठं पातेलंभर खिचडी नेली होती. संपली, पण ‘याला चव कधी येणार’ असंही एकानं विचारलं. तेव्हापासून लोणचंही नेतो.

वार बदलू नका. बर्फ पडो, सण असो, दोघंच येवोत. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या आठवड्यात तर नक्कीच दार उघडं हवं, कारण घरी जायला घर नसलेल्यांचे ते सगळ्यात वाईट दिवस. किल्ली दोघांकडे ठेवा.

बैठक कशी चालवायची

सव्वा तास पुरतो. पहिली दहा मिनिटं खाणं आणि नियमांचं वाचन. मग एक फेरी: नाव, आणि गेल्या आठवड्यातली एक बरी, एक वाईट गोष्ट. ‘पुढं’ म्हणून वाटा नाकारायची मुभा प्रत्येकाला. त्यानंतर अर्धा तास एक विषय. एकमेकांना सल्ला द्यायचा नाही, विचारला तरच, आणि तोही ‘मी काय केलं’ या भाषेत. महाराष्ट्रात एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे गट) किंवा फॉलोअपच्या बैठका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे शेअरिंग नवीन नाही.

पण हा एए किंवा एनएचा (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, इतर नशांसाठीचे तसेच गट) पर्याय नाही, आणि तसं करूही नये. एए १९३५ सालापासून चालत आलंय, त्याची बारा पायऱ्यांची शिस्त आहे. ज्याला ती मानवते त्यानं तिथं जावंच. आपला गट वेगळ्या गोष्टीसाठी: या सगळ्यांनी एकच कोर्ट, तेच बाक, तोच जज्ज पाहिलाय. आणि त्यांचे उरलेले प्रश्न नशेचे कमी, कागदांचे जास्त असतात. दंडाचे हप्ते. परवाना परत मिळवणं. नोकरीच्या अर्जातला ‘गुन्हा सिद्ध झाला आहे का?’ हा चौकोन. रेकॉर्ड पुसून घेण्याचा अर्ज, ज्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. मुलांचा ताबा. म्हणून महिन्यातली एक बैठक पूर्ण कागदांची ठेवा आणि एखाद्या कायदेविषयक मदत संस्थेच्या वकिलाला बोलवा. माझ्या मते लोक टिकतात ते या बैठकीमुळं. मन मोकळं करायला येतील न येतील, परवान्यासाठी येतात, आणि मग बसतात.

औषधांचा वाद पहिल्या महिन्यातच मिटवा. ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटानिल अशी अफूच्या जातीची द्रव्यं) व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्याला काही जुने लोक ‘तू कसला क्लीन, एक सोडून दुसरी गोळी’ असं म्हणतात. हे उपचार मान्यताप्राप्त आहेत आणि मृत्यू टाळतात. गटाच्या नियमांत सरळ लिहा, की डॉक्टरनं दिलेलं औषध हा त्याचा आणि डॉक्टरचा प्रश्न, इथं त्यावर कुणी बोलणार नाही. टोमण्यांमुळं कुणी ते सोडलं तर त्याची जबाबदारी टोमणा मारणाऱ्यावर येते, हे मी दोनदा उभं राहून सांगितलंय.

पूल ग्रॅज्युएशनच्या आधी बांधायचा

प्रमाणपत्र हातात पडल्यावर माहितीपत्रक दिलं तर ते गाडीच्या सीटखाली जातं. शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला संपायच्या दोन-तीन महिने आधीच बैठकीला यायला सांगा. यातही एक मेख आहे: कोर्टानं ते सक्तीचं केलं, की गट पुन्हा कोर्टाचा झाला. कोऑर्डिनेटरला एवढंच करू द्या, की ‘त्या लोकांना एकदा भेटून बघ’ असं म्हणावं.

ग्रॅज्युएशनच्या दिवशी गटातले दोघं-तिघं कोर्टात मागच्या बाकावर बसलेले असावेत. समारंभ संपला की एकानं जाऊन फक्त वार आणि वेळ सांगायची आणि विचारायचं, ‘मंगळवारी तुला घ्यायला येऊ का?’ मग फोन: तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, नंतर पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा. फोन करणाऱ्याचं नाव ठरलेलं हवं. ‘कुणीतरी करेल’ म्हटलं की कुणीच करत नाही. तो रंगाचा नंबर फिरवणारा गडी आता हे काम बघतो. पहाटे सहाला उठायची सवय होतीच.

पुन्हा घेतली तर

घेतील. व्यसनातून बाहेर पडलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के जणांना पुन्हा घसरण होते, असं अमेरिकेची राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्था सांगते. दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांच्या उलटण्याशी ती त्याची तुलना करते. गटानं ‘स्लिप झाल्यावर काय’ हे आधी लिहून ठेवलं नाही, तर पहिल्या घटनेला अर्धा गट दया दाखवतो, अर्धा तोंड फिरवतो आणि तो माणूस दोन्हींपासून पळतो.

आमचा नियम साधा. नशेत आलेल्या माणसाला बैठकीत बसू देत नाही, पण एकट्याला परतही पाठवत नाही. दोघं त्याच्यासोबत बाहेर बसतात आणि घरी किंवा दवाखान्यात पोचवतात. पुढच्या मंगळवारी त्याची खुर्ची तशीच. उपचाराला परत जायचं असेल तर कुठल्या केंद्रात कुणाला फोन करायचा ती चिठ्ठी तयार.

सगळ्यात महत्त्वाचं: दीड वर्ष बंद ठेवून मग जुनीच मात्रा घेतली तर शरीराला ती पेलत नाही. सहनशक्ती गेलेली असते. ओव्हरडोसचे मृत्यू असेही होतात. म्हणून खोलीत नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा असायलाच हवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो, आणि पुष्कळ आरोग्य खाती फुकट देतात. प्रत्येकाला तो वापरून दाखवा: माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास मंद, ओठ निळे, तर ९११ ला (आणीबाणीचा नंबर) फोन, एका नाकपुडीत एक फवारा, श्वास तोंडानं देत राहायचा, दोन-तीन मिनिटांत हालचाल नसेल तर दुसरा फवारा. फेंटानिल असेल तर एकानं भागत नाही पुष्कळदा. आणि माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फवाऱ्याचा असर आधी उतरतो, नशेचा नंतर. जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा आली तर ९८८, म्हणजे आत्महत्या रोखण्याची हेल्पलाइन. हे दोन आकडे आमच्याकडे भिंतीवर आहेत, बरणीच्या वर.

पैसे

इथं मी जरा रेंगाळणार, माझा विषय आहे. पहिलं वर्ष स्वतंत्र संस्था काढू नका. एखाद्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली राहा. ती थोडी टक्केवारी घेऊन तुमचे पैसे सांभाळते आणि देणगीदाराला करसवलतीची पावती देते. वर्षभर गट टिकला तर मग ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेच्या, दर्जासाठी अर्ज. वर्षाची जमा ५० हजार डॉलरपर्यंत अपेक्षित असेल आणि बाकीच्या अटींत बसत असाल, तर १०२३-ईझेड हा छोटा ऑनलाइन फॉर्म चालतो, फी २७५ डॉलर. त्यानंतर दरवर्षी ९९०-एन नावाचं पोस्टकार्डाएवढं विवरण भरायचं. सलग तीन वर्षं विसरलात की दर्जा आपोआप जातो, आणि छोट्या गटांचा तो असाच जातो.

पैसा कुठून? ओपिऑइड औषधकंपन्या आणि वितरकांशी झालेल्या तडजोडींचे देशभरात मिळून ५० अब्ज डॉलरपेक्षा जास्त आहेत, ते वर्षानुवर्षं राज्यांना आणि काउंटींना मिळत राहणार. बरे होऊ पाहणाऱ्यांना आधार देणं हा त्यातला मान्य खर्च आहे. काउंटीच्या बैठकीला जा आणि मागा. आम्ही गेलो तेव्हा आमच्यातल्या एका बाईंनी तीन मिनिटांत गट काय करतो ते सांगितलं. मी आणलेले तक्ते कुणी उघडलेही नाहीत.

रोख रक्कम कुणा एकाकडे ठेवू नका. यात अविश्वास नाही. खिशात दोनशे डॉलर असणं हाच काही जणांना मोह असतो, त्या मोहात आपण त्यांना ढकलू नये. खर्च कार्डावर, दोन सह्या, महिन्याचा हिशेब बैठकीत मोठ्यानं वाचायचा. सभासदांत आपापसात उसनवारी बंद. तसंच जुन्यानं नव्याशी, पहिल्या वर्षात, प्रेमप्रकरण बंद; बारा पायऱ्यांच्या मंडळींत याला चेष्टेनं ‘तेरावी पायरी’ म्हणतात, पण त्यातून गट फुटलेले मी ऐकलेत.

थकणारे पुढारी

जो सगळ्यात जास्त राबतो तोच एके दिवशी येत नाही. गटप्रमुखपद सहा महिन्यांचं ठेवा, नंतर सक्तीची सुट्टी. प्रमुखाचीच स्लिप झाली तर जबाबदारी काढून घ्यायची, खुर्ची नाही. पुण्याच्या मुक्तांगणात, जे डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलं, व्यसनातून बाहेर आलेलीच माणसं पुढं तिथली कार्यकर्ती झाली. पण राबणं म्हणजेच बरं होणं, असा गैरसमज होऊ देऊ नका. दुसऱ्याला फोन करणाऱ्यालाही कुणीतरी फोन करायला हवा.

आणि आमच्यासारखे बाहेरचे? आम्ही निघायचं. गेल्या महिन्यात बँकेतली माझी सही काढायचा ठराव झाला. इतिवृत्तात तो लिहिणारा, पहिल्या बैठकीला पेन ठेवून पार्किंगकडे गेलेला तोच माणूस. तो नंतर सात आठवड्यांनी परत आला होता. बँकेतल्या बाईंनी सहीचं कार्ड पुढं केलं तेव्हा त्यानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मागची बाजूही वाचली, ही सही कुणाकुणाकडे जाईल ते विचारून घेतलं, आणि मग केली.